पाणी कुठे मुरतं?

जुना पिकअप ट्रक घ्यायला निघालेल्या माणसाला मी पहिला सल्ला देतो तो असा: नुकती रंगवलेली गाडी दिसली तर पुढे चला, उघडीबोडकी गंजलेली दिसली तर थांबा. ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं. पण उघड्या गंजात लपवाछपवी नसते. कुठला पत्रा नुसता वरवर तांबूस झालाय आणि कुठला आतून पोखरलाय, हे बोटाने दाबून, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचून कळतं. हातोडीचा दांडा आपटला तर धड पत्रा खणखणीत वाजतो, पोखरलेला बद्द. चकचकीत रंगाखाली मात्र बोटभर लांबी थापलेली असू शकते, आणि लांबी थापण्याआधी खालच्या भोकात कागदाचे बोळे कोंबलेले असू शकतात. अशी गाडी घेणारा रंगाचे पैसे मोजतो आणि घरी गंजच घेऊन येतो.

हे पुस्तक उघड्या गंजलेल्या गाडीबद्दल आहे. उदाहरणाला घेतलाय तो शेव्हरोलेचा अर्ध्या टनाचा पिकअप, मॉडेल ३१००. अमेरिकेत राहणाऱ्या आणि घरच्या गॅरेजमध्ये शनिवार-रविवार घालवू पाहणाऱ्या मराठी माणसासाठी ते लिहिलंय. पुण्या-कोल्हापुरात एखादी जुनी जीप किंवा फार्गो अंगणात उभी असलेल्या वाचकालाही त्यातलं बरंचसं जसंच्या तसं लागू पडेल. कारण गाडी कुठल्याही कंपनीची असो, तिला खाणारं पाणी एकाच पद्धतीने काम करतं.

आधी या ट्रकची ओळख करून देतो. दुसरं महायुद्ध संपल्यावर जनरल मोटर्सने मुळापासून नव्याने आखलेलं हे पहिलं मोठं मॉडेल. ‘ॲडव्हान्स डिझाइन’ या नावाने ते १९४७ च्या उन्हाळ्यात बाजारात आलं आणि १९५५ मध्ये पुढच्या मॉडेलने त्याची जागा घेतली. या सगळ्या काळात अमेरिकेतल्या ट्रकविक्रीत शेव्हरोले पहिल्या क्रमांकावर होती. शेतकरी, दूधवाले, सुतार, पेट्रोलपंपवाले, सगळ्यांनी हा ट्रक वापरला, आणि वापरून झाल्यावर गोठ्याच्या मागे नाहीतर झाडाखाली सोडून दिला. म्हणूनच तो आजही सापडतो, त्याचे सुटे भाग आजही नव्याने तयार होतात, आणि नवशिक्याने हात घालावा अशी जुनी गाडी कोणती, याला माझं उत्तर हेच असतं.

वर्ष ओळखणं सोपं आहे. पुढे पाच आडव्या पट्ट्यांची जाळी असेल तर गाडी १९५३ किंवा त्याआधीची. १९५४ ला जाळी बदलली, आणि मधोमध दांडी असलेली दुहेरी काच जाऊन समोर एकसंध काच आली. दाराच्या काचेला पुढे छोटी तिकोनी फिरती काच असेल तर १९५१ किंवा त्यानंतरची. दाराची मूठ फिरवायची नसून बटण दाबायचं असेल तर १९५२ पासूनची. केबिनच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांत वळणदार काचा असलेला ‘डिलक्स’ प्रकार बाजारात सगळ्यात महाग जातो. दिसायला तो देखणा आहे यात शंका नाही. पण त्या दोन काचांमुळे पाणी आत शिरायच्या दोन जागा वाढल्या, हेही घेणाऱ्याने लक्षात ठेवावं.

मी मिशिगनमध्ये राहतो. इथल्या गाड्यांना गंज लवकर का धरतो याचं उत्तर पायाखालीच आहे. डेट्रॉइट शहराखाली सुमारे १,२०० फूट खोल मिठाची खाण आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिथून मीठ निघतं, आणि हिवाळ्यात ते रस्त्यांवर पसरतं. ज्या शहराने जगाला गाड्या दिल्या, त्याच शहराच्या पोटात गाड्या खाणारं मीठ असावं, ही गोष्ट मला अजूनही चकित करते. महायुद्धानंतर रस्त्यांवर मीठ टाकण्याचं प्रमाण वाढत गेलं आणि नेमकी त्याच वर्षांत ही गाडी रस्त्यावर होती. मिठाने बर्फ वितळतो हे खरं, पण त्या वितळलेल्या खारट पाण्यातून वीज सहज वाहते. गंज चढणं ही मुळात विजेचीच क्रिया आहे: पत्र्याच्या एका ठिकाणचं लोखंड इलेक्ट्रॉन सोडून विरघळतं, शेजारच्या ठिकाणी हवेतला प्राणवायू ते इलेक्ट्रॉन घेतो, आणि मधल्या ओलाव्यातून हा व्यवहार चालू राहतो. मीठ त्या व्यवहाराला मोकळा रस्ता करून देतं. रत्नागिरी-मालवणच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही; खाऱ्या वाऱ्याने खिडकीच्या गजांचं काय होतं हे त्याने लहानपणापासून पाहिलंय.

ॲरिझोना, न्यू मेक्सिकोसारख्या कोरड्या राज्यांतून आणलेली गाडी ‘बिनगंजाची’ म्हणून महाग विकली जाते. तिचा पत्रा खरंच चांगला असतो. पण तिथलं ऊन काचांची रबरं, वायरिंगचं कापडी आवरण, गाद्या, सगळं भाजून काढतं, आणि अशी गाडी ओल्या मुलखात आणून नुसता रंग मारला तर पहिल्याच पावसात त्या वाळलेल्या रबरांमधून पाणी आत जायला लागतं. वीस वर्षांत मिशिगनने जे केलं नसतं ते पाच वर्षांत होतं.

या पुस्तकाचा सगळा भर एका गोष्टीवर आहे, आणि ती इथेच सांगून टाकतो. गंज जिथे दिसतो तिथे तो सुरू झालेला नसतो. पाणी वरून कुठून तरी शिरतं, आतल्या आत वाट काढत खाली येतं, जिथे अडतं तिथे साचतं, आणि तिथला पत्रा आतून बाहेर खात येतं. रंगावर फोड दिसतो तेव्हा आतला पत्रा गेलेलाच असतो. त्या जागी ठिगळ लावणं हे अर्धंच काम. पाणी कुठून आलं आणि बाहेर का गेलं नाही, हे शोधलं नाही तर नवं ठिगळही त्याच वाटेने जाईल.

या ट्रकच्या केबिनचा मागचा खालचा कोपरा घ्या. जवळपास प्रत्येक गाडीत तो गेलेला असतो. बाहेरून तळहाताएवढं भोक दिसतं. ग्राइंडरला पातळ कटिंग डिस्क लावून भोकाच्या चहूबाजूंनी धड पत्र्यापर्यंत चौकोन कापा आणि तो तुकडा अलगद बाजूला करा. आत आणखी एक पत्रा दिसेल. कोपरा दुहेरी आहे. दोन पत्र्यांच्या मधल्या पोकळीत घट्ट बसलेली काळी माती असते. ती स्क्रूड्रायव्हरने पोखरत काढली की थर दिसतात: तळाशी बारीक वाळू, वर कुजलेली पानं, त्यावर उंदरांनी गादीतून ओढून आणलेला कापूस, कधी मूठभर धान्य. उन्हाळ्यात महिनाभर पाऊस नसतानाही ही माती हाताला ओलसर लागते. पाणी मागच्या काचेच्या रबरातून आलेलं असतं. केबिनच्या आतल्या बाजूने उतरून ते या पोकळीत पोचतं. तळाशी निचऱ्याची फट कारखान्याने ठेवलेली आहे, पण मातीने ती कधीच बुजली. त्यानंतर त्या कोपऱ्यात बारा महिने ओल.

हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की दुरुस्तीचा क्रम आपोआप ठरतो. आधी काचेचं रबर. मग पोकळी पूर्ण रिकामी करणं, वाकड्या नळीने हवा मारून शेवटचा कणही बाहेर काढणं. मग आतला पत्रा, नंतर बाहेरचा. जोडणीच्या कडांवर वेल्डिंग सोसणारा प्रायमर. सगळ्यात शेवटी निचऱ्याची फट मोकळी आहे ना हे पाहून पोकळीत मेणाचा फवारा. बाजारात या कोपऱ्याचं तयार ठिगळ मिळतं आणि दुपारभरात ते वेल्ड करता येतं. या बाकीच्या गोष्टींना मात्र आठवडे लागतात, आणि गाडी टिकते ती या बाकीच्या गोष्टींवर.

म्हणूनच मी घरच्या कामाची बाजू घेतो. तासावर पैसे घेणाऱ्या गॅरेजला पाण्याची वाट शोधत बसणं परवडत नाही. तिथला कारागीर माझ्यापेक्षा कितीतरी सरस वेल्डिंग करतो, त्याच्या हाताखाली पत्रा लोण्यासारखा वळतो. पण त्याच्यावर गाडी ठरल्या तारखेला देण्याचं ओझं असतं. घरी काम करणाऱ्याकडे कसब कमी असेल, पण वेळ त्याचा स्वतःचा असतो, आणि गंजाच्या कामात वेळ हेच सगळ्यात महत्त्वाचं हत्यार आहे. या ट्रकचा पत्रा साधारण १८ गेजचा, आजच्या गाड्यांपेक्षा जाड. शिकणाऱ्याचा हात थोडा जड पडला तरी तो सांभाळून घेतो. एका दमात लांब शिवण मारायची नाही. एक टाका इथे, पुढचा वीतभर लांब, मधे पत्रा गार होऊ द्यायचा, एवढं पाळलं तरी पत्रा फुगत नाही. दाराखालची पट्टी कापायची असेल तर त्याआधी दाराच्या चौकटीत आडवा-उभा लोखंडी आधार वेल्ड करून घ्यावाच लागतो. तो न लावता कापली तर केबिन किंचित बसते, आणि मग दार जन्मात नीट लागत नाही.

गंज काढायच्या रीती अनेक आहेत, त्यांतल्या दोन मला फार आवडतात. पहिली विजेची. प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरचं ऋण टोक गंजलेल्या भागाला आणि धन टोक एखाद्या टाकाऊ साध्या लोखंडी पट्टीला. रात्रभरात गंज मऊ होऊन सुटतो आणि चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाही. पट्टी स्टेनलेस स्टीलची मात्र कधीही वापरू नये. तिच्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. या क्रियेत हायड्रोजन वायू सुटतो, तेव्हा पिंप उघड्यावर ठेवावं आणि जवळ ठिणगी पाडू नये.

दुसरी रीत मळीची. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, आणि भाग बुडवून आठवड्यांवर आठवडे विसरून जायचं. मळीतले घटक गंजातलं लोखंड धरून पाण्यात ओढून घेतात. इथे गुरांच्या खाद्यात घालायची मळी शेतकी दुकानात मिळते. पिंपावरचं झाकण उघडलं की सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला साखर कारखान्याच्या रस्त्याचा वास ओळखू येतो. रीत स्वस्त आहे आणि हात लागणार नाही अशा सांदीकोपऱ्यापर्यंत पोचते. ॲल्युमिनियमचे किंवा जस्ताचे ओतीव भाग मात्र तिच्यात घालायचे नाहीत, त्यामुळे कार्बुरेटर बाहेरच.

इंजिनबद्दल इथे थोडक्यात लिहितो, कारण त्यावर या पुस्तकात दोन स्वतंत्र प्रकरणं आहेत. १९५३ पर्यंतच्या ३१०० मध्ये २१६ घनइंचांचं, म्हणजे साधारण साडेतीन लिटरचं, सहा सिलिंडरांचं सरळ रांगेतलं इंजिन होतं. १९५४ ला त्याच्या जागी २३५ घनइंचांचं आलं. जुन्या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या तळाला छोटे चमचे असतात. ते फिरताना खालचं तेल उचलून बेअरिंगला देतात. त्यामुळे तेलाच्या दाबाचा काटा आजच्या मानाने खूप खाली दिसतो, आणि तो तसाच दिसायला हवा. वर्षानुवर्षं उभं राहिलेलं इंजिन जाम असतं, तेव्हा चावी फिरवायचा मोह आवरा. प्लग काढा, सिलिंडरांत पातळ तेल सोडा, दोन-चार दिवस मुरू द्या, मग हाताने पुढे-मागे हलवून पाहा. वीज ६ व्होल्टची. इंजिन सुस्त फिरतं म्हणून लोक स्टार्टर बदलतात, आणि दोष निघतो तो अर्थिंगच्या जागी चासीवर चढलेल्या गंजात किंवा १२ व्होल्टच्या गाडीच्या बारीक केबलमध्ये. ६ व्होल्टला केबल जाडच लागते.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मी कोणाचंही ऐकत नाही. इंजिन सुरू करायच्या आधी ब्रेक पूर्ण झाले पाहिजेत. या गाडीत एकच मास्टर सिलिंडर चारही चाकांना दाब देतो. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. तो सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, चिखल उडतो त्या जागी आहे, आणि लोखंडी नळ्या आतून किती पातळ झाल्यात हे बाहेरून दिसत नाही. सगळ्या नळ्या नव्या टाका. ज्याला गाडी रोज चालवायची आहे त्याने दोन भागांचा मास्टर सिलिंडर बसवावा. मूळपणाचा आग्रह इथे धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तसंच जुन्या ब्रेक-लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस आणि जुन्या रंगात शिसं असतं हे धरूनच चाला. धूळ फुंकून उडवू नका, कोरडी घासू नका, चांगला मास्क लावा. १९४९ पासून या ट्रकची पेट्रोलची टाकी केबिनमध्येच, सीटच्या मागे आली. केबिनमध्ये वेल्डिंग करायच्या आधी ती बाहेर काढून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवायची. यात ‘जरा वेळापुरतं’ काही नसतं.

आता रंग. मागच्या हौद्याची जमीन लाकडी फळ्यांची असते आणि फळ्यांच्या सांध्यांवर लोखंडी पट्ट्या असतात. आज प्रदर्शनांत ती फळी आरशासारखी पॉलिश केलेली दिसते. कारखान्यातून ती तशी कधीच आली नव्हती. तिच्यावरून पोती ओढायची होती, आणि एक फळी मोडली तर तेवढीच बदलता यावी म्हणून ती लाकडाची होती. माझा जीव त्याहून जास्त अडकतो तो दारांवरच्या अक्षरांत. मालकाचं नाव, दुकान, गाव, तीन-चार आकडी फोन नंबर, हे सगळं पेंटरने हाताने रंगवलेलं असायचं. उन्हात रंग विटतो, पण अक्षरांखालचा रंग जरा कमी विटलेला असतो, आणि तिरक्या उजेडात नाव वाचता येतं. कुठल्या गावातल्या कुठल्या माणसाने या गाडीवर पोट भरलं याचा तो एकमेव पुरावा असतो. कित्येक लोक पहिल्याच दिवशी ग्राइंडरने तो पुसून टाकतात. माझी विनंती आहे की दाराला पॉलिश पेपर लावण्याआधी सकाळी आणि संध्याकाळी बाजूने उजेड पडेल असा फोटो काढा, आणि पत्रा भक्कम असेल तर तो रंग तसाच ठेवून वर संरक्षक लेप द्या.

मराठी वाचकाचं या गाडीशी असलेलं नातं मुंबईतून जातं. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जोडणीचा कारखाना सुरू केला. परदेशातून पेट्यांत भरून आलेल्या भागांच्या गाड्या आणि ट्रक तिथे उभे राहत. नुसती जोडणी नको, गाडी इथेच बनवा, असं धोरण स्वतंत्र भारताने १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर धरलं, आणि १९५४ मध्ये शिवडीचं काम थांबलं. कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये डॉज आणि फार्गो तयार होत राहिले. ॲडव्हान्स डिझाइनची पहिली सात वर्षं आणि शिवडीची शेवटची सात वर्षं एकच आहेत. महाराष्ट्रात त्या काळातला ट्रक किंवा पिकअप कोणाच्या वाड्यात उभा असेल तर त्याच्या केबिनमधली पाटी आधी वाचा आणि ती कुठल्याही परिस्थितीत काढू नका.

तिथल्या वाचकांसाठी आणखी दोन गोष्टी. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात आणि ती दहा वर्षं चालते. मात्र चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल केलेला चालत नाही. आणि चारचाकींत हा नियम प्रवासी वाहनांच्या वर्गासाठी आहे. मालवाहू म्हणून नोंदलेला पिकअप त्यात बसत नाही. तेव्हा पत्र्याला हात लावण्याआधी आरसी बुकात काय लिहिलंय ते बघा आणि आरटीओत विचारून घ्या. दुसरी गोष्ट हवेची. प्रायमर ओल शोषून घेतो. जून ते सप्टेंबर वेल्डिंग करा, इंजिन करा, वायरिंग करा. प्रायमर आणि रंग दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत.

पहिलं प्रकरण पाण्याच्या नळीचं आहे. गाडी घरी आल्यावर एकही बोल्ट सोडवण्याआधी एकाने टॉर्च घेऊन केबिनमध्ये बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून बारीक धार धरायची. सुरुवात खालून करायची: आधी दाराचा तळ, मग दाराची कड, मग मागची काच, समोरची काच, आणि सगळ्यात शेवटी छत. वरून सुरुवात केली तर सगळीकडेच पाणी दिसतं आणि काहीच कळत नाही. आत बसलेल्याने थेंब दिसेल तिथे खडूने गोल करायचा आणि पाणी पुढे कुठे गेलं तिकडे बाण काढायचा. मग दोन्ही दारं उघडून खाली वाकून पाहायचं, किती पाणी बाहेर आलं आणि किती आतच राहिलं. खडूच्या खुणा पुसण्याआधी फोटो काढून ठेवा. पुढच्या प्रत्येक प्रकरणात ते फोटो समोर ठेवूनच काम करायचं आहे.